निर्जंतुक दालनाची सफाई

इंजेक्शनाचे औषध ज्या दालनात कुप्यांत भरले जाते, तेथे औषध भरणाऱ्यांच्या आधी सफाई करणारे शिरतात. कोलकाता हे भारतीय औषधनिर्मितीचे एक आद्य नगर होय. प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकल ह्या कारखान्याची कंपनी येथे १९०१ मध्ये स्थापन झाली. बाजारातील औषधांच्या शुद्धतेची चौकशी करण्यासाठी १९३० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रामनाथ चोप्रा हेही ह्याच शहरात अध्यापन करीत. त्या चौकशीच्या पाठोपाठ १९४० चा औषधविषयक कायदा आला. त्याखालील नियमांच्या ‘एम’ परिशिष्टानुसार कारखान्याच्या सफाईची पद्धत लेखी असावी लागते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी लागते.

एवढी काटेकोर व्यवस्था कशासाठी? कुप्यांची निर्जंतुकता तपासता येते. परंतु तपासणीत कुपी फोडावी लागत असल्याने ती थोड्याच कुप्यांची होते. उरलेल्या कुप्यांची हमी त्या कशा परिस्थितीत भरल्या गेल्या ह्यावरच अवलंबून असते.

ह्या दालनात झाडू निषिद्ध आहे, कारण झाडूने धूळ उडते. ओल्या फडक्याने आधी छत, मग भिंती, मग यंत्रे व शेवटी जमीन पुसतात. काम आतल्या टोकापासून दाराकडे सरकते आणि फडक्याची वापरलेली बाजू पुन्हा वापरीत नाहीत. फडके गोल फिरवीत नाहीत. ते एकाच दिशेने, आधीच्या पट्ट्यावर थोडे चढवून ओढतात. हालचाल संथ ठेवावी लागते, कारण दालनातील जंतूंचा मुख्य उगम स्वतः माणूसच असतो. त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात आणि घाईने ते अधिक गळतात. पावसाळ्यात कोलकात्याच्या दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी चटकन धरते. म्हणून अशी खोकी बाहेरच उघडतात.

सत्तर टक्के अल्कोहोलाने पुष्कळसे जंतू मरतात, पण काही जंतूंची कठीण कवचाची बीजरूपे, म्हणजे बीजाणू, त्याने मरत नाहीत. त्यांच्यासाठी ठराविक काळाने हायड्रोजन पेरॉक्साइडासारखे प्रखर द्रव्य वापरतात. जंतुनाशकाने पृष्ठभाग ठरलेली मिनिटे ओला राहिला पाहिजे. येथेच खरी अडचण येते. दोन मिनिटांत कोरडी केलेली आणि दहा मिनिटे ओली ठेवलेली भिंत डोळ्यांना सारखीच चकचकीत दिसते. तेव्हा पर्यवेक्षकाला भिंतीपेक्षा घड्याळाकडे आणि माणसांकडे अधिक पाहावे लागते.

बीजाणू काय करू शकतात, ह्याचे दारुण उदाहरण भारतातच घडले. १८९४ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत पटकीची लस टोचणारे हाफकिन पुढे मुंबईत प्लेगची लस करू लागले. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेतील लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल ह्या गावी टोचण्यात आली. एकाच कुपीतून लस घेतलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक, कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे चौकशीतील साक्षीतून निघाले होते. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन पुन्हा सेवेत आले. त्यांची नेमणूक कोलकात्यास झाली.

पडलेला चिमटा ही अगदी क्षुल्लक गोष्ट. ती तत्क्षणी बोलून दाखवली गेली असती, तर ती कुपी बाजूला ठेवता आली असती. म्हणून आजच्या दालनात पर्यवेक्षकाचे सर्वांत कठीण काम आहे, ते चूक सांगणाऱ्याला निर्भय ठेवण्याचे. फडके खाली पडले, द्रावण चुकीचे मिसळले, हातमोजा फाटला, असे कोणी सांगताच तो प्रथम काम थांबवितो, वस्तू बाहेर काढवितो आणि घडलेली वेळ नोंदवहीत लिहवितो. पहिल्याच वेळी तो त्या माणसावर ओरडला, तर दुसऱ्या वेळी फडके पडल्याचे त्याला कळणारच नाही. दालनात पोषक द्रव्याच्या उघड्या तबकड्या ठेवलेल्या असतात. त्यांवर जंतूंचे ठिपके दिसू लागण्यास काही दिवस जातात. ठिपका दिसलाच, तर त्या दिवशीच्या नोंदवहीत कोणी काय लिहिले होते, तेथूनच शोध सुरू होतो.