हाताला बसणारा रिलीजर

महोत्सवी स्मरणिकेसाठी खेळावर काही लिहावे, अशी सूचना आली तेव्हा ग्वाल्हेरच्या रीतीप्रमाणे आमच्या मनात प्रथम हॉकीच आली. ज्या गावाने कॅप्टन रूपसिंहांना आपले म्हटले, आणि ज्यांच्या नावाच्या मैदानावर पुढे फेब्रुवारी २०१० मध्ये सचिन तेंडुलकरांनी पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक काढले, त्या गावात दुसरे काय सुचणार? परंतु त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांस येथे तळहातात मावेल एवढ्या एका वस्तूविषयी सांगावयाचे आहे. सिटी सेंटरमधील आपल्या काही घरांतून मुले पहाटे धनुष्याची पेटी घेऊन बाहेर पडतात हे सभासदांनी पाहिले असेल. त्या पेटीत ही वस्तू असते. धनुर्धर तिला रिलीजर म्हणतात.

ती कशासाठी, हे समजण्याकरिता आधी धनुष्य समजले पाहिजे. आपण दसऱ्याच्या चित्रांत पाहतो ते धनुष्य साधे. जितके ओढावे तितका भार वाढत जातो. नवशिकी मुले इंडियन राउंडमध्ये बांबूचे धनुष्य वापरतात, तेही ह्याच जातीचे, आणि त्याची दोरी बोटांनीच सोडतात. कंपाउंड धनुष्य निराळे. अमेरिकेतील मिसूरी प्रांताच्या हॉलेस विल्बर ॲलन ह्या गृहस्थांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांस मिळाले. ह्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. दोरी ओढताना भार मध्यावर पूर्ण चढतो, आणि चाके एका ठराविक जागेपलीकडे फिरली की एकदम उतरतो. धनुष्य ५० पौंडांचे आणि उतार शेकडा ८० असेल, तर शेवटी हातावर फक्त १० पौंड राहतात. म्हणून नेम धरून क्षणभर स्वस्थ उभे राहता येते. पण भार इतका हलका झाला की बोटांवरून दोरी स्वच्छ सुटत नाही. ती बाजूला घसरते व बाण डोलत जातो. दोरीला मध्यभागी एक लहान फास बांधलेला असतो, त्याला डी-लूप म्हणतात. त्या फासात रिलीजरची आकडी अडकवून ओढावयाचे, आणि खटका सुटला की दोरी जागच्या जागी मोकळी होते.

ही कल्पना अगदीच परकी नव्हे. महाभारतातील योद्ध्यांच्या वर्णनात अंगुलित्राण येते; मोगल अमदानीत अंगठ्यात घालावयाची दगडी वा हस्तिदंती कडी होती, आणि शाहजहानच्या पदवीचा लेख असलेले तसे एक जेडचे कडे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. त्या कड्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ते दुसऱ्याचे चालत नाही. अंगठ्यावर सैल झाले तर फिरते, घट्ट झाले तर रक्त थांबते. आम्हांस हे ज्ञान फार उशिरा झाले.

झाले असे. तीन वर्षांपूर्वी आपल्या न्यासाच्या क्रीडा-साहाय्यातून मुलांसाठी साहित्य घ्यावयाचे ठरले. पैसा सर्वांचा, म्हणून भेदभाव नको, अशा चांगल्या हेतूने आम्ही अंगठ्याच्या खटक्याचे, चार बोटांचे, एकाच मोठ्या मापाचे तीन रिलीजर मागविले. मुले वाढतात, मोठेच घ्यावे. शाळेचा गणवेश आपण तसाच घेतो. त्यांतील एक चौदा वर्षांच्या एका मुलीला मिळाला. तिची बोटे बारीक. रिलीजर मुठीत नीट बसेना, म्हणून ती तो घट्ट आवळून धरी, आणि आवळताना आधारासाठी अंगठा नकळत खटक्यावर ठेवी. एके दिवशी ओढ अर्ध्यावर असताना, म्हणजे भार सर्वांत अधिक असताना, खटका सुटला. मूठ थेट तिच्या ओठावर बसली. दोन टाके पडले. बाण समोर जमिनीत रुतला; त्या बाजूस कोणी नव्हते हे नशीब. टाके आठ दिवसांत निघाले, पण पुढे दोन महिने ती मुलगी दोरी ओढली की डोळे मिटून घेई. दोष ना मुलीचा, ना वस्तू करणाऱ्याचा. माप न पाहता वस्तू घेणाऱ्या आमचा होता, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच.

तेव्हा रिलीजर निवडावा कसा? बाजारात ह्याचे मुख्य प्रकार चार आहेत. पहिला मनगटाच्या पट्ट्याचा, ज्याचा खटका तर्जनीने ओढतात. दुसरा मुठीत धरावयाचा, अंगठ्याच्या खटक्याचा. तिसऱ्याला खटकाच नसतो. तो बिजागरीसारखा असून पूर्ण ओढीवर हात किंचित फिरला की सुटतो. चौथा ताणावर सुटणारा. त्यात ओढताना अंगठ्याने कळ दाबून धरावयाची, नेम धरल्यावर कळ सोडावयाची, आणि मग पाठीच्या स्नायूंनी ठरवून ठेवलेला थोडा अधिक ताण दिला की दोरी मोकळी होते. शेवटचे दोन प्रकार शिकण्यास उत्तम, पण शिक्षक शेजारी उभा असेल तरच. घरी गच्चीवर एकट्या मुलाने त्यांस हात लावू नये.

लहान मुलांस आरंभी मनगटाचा पट्टा बरा, असे आमचे मत झाले आहे. भार बोटांवर न येता मनगटावर येतो, आणि रिलीजर हातातून निसटून पुढे उडून जाण्याची भीती नसते. मात्र पट्टा मनगटाच्या हाडापाशी घट्ट बसला पाहिजे व प्रत्येक वेळी त्याच भोकात लावला पाहिजे. बकलाचा पट्टा म्हणूनच चिकटपट्टीपेक्षा सरस; चिकटपट्टी आज इथे, उद्या तिथे. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. घामाने चामडे सैल पडते, हेही लक्षात असू द्यावे. खरी मेख पुढल्या दांडीच्या लांबीत आहे. पट्टा बांधून हात सैल सोडावा आणि तर्जनी खटक्यावर न्यावी. खटका बोटाच्या पहिल्या व दुसऱ्या पेराच्या दरम्यान, आकडीसारख्या वळलेल्या बोटात आला तर लांबी बरोबर. केवळ बोटाचे टोक पोचत असेल तर दांडी लांब आहे. ती आखूड करावी, आणि होत नसेल तर तो रिलीजर घेऊ नये. टोकाने खटका दाबणारा मुलगा हटकून झटका देतो, बटण दाबावे तसा. तर्जनी वळवून पाठीने ओढणाऱ्यास आपला बाण केव्हा सुटला हे त्यालाच क्षणभर उमगत नाही, आणि चांगल्या नेमाची खूण हीच.

मुठीतल्या रिलीजरचे माप पाहण्यास धनुष्याची गरज नाही. मुलाच्या ओढीएवढ्या लांबीचे मजबूत दोरीचे एक कडे करावे. एक टोक डाव्या मुठीत धरावे, दुसऱ्यात रिलीजरची आकडी घालून हनुवटीपर्यंत ओढावे, आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे. मनगट सरळ आहे काय? हाताची पाठ कोपरापर्यंतच्या हाडाशी एका रेषेत सपाट आहे काय? बोटे दुसऱ्या पेरापर्यंत खोल अडकली आहेत काय, की टोकांवर लोंबकळत आहेत? मोठा रिलीजर असला तर बोटे पोचत नाहीत, मूठ आवळली जाते, मनगट वाकते आणि तो ताण कोपरात उतरतो. लहान असला तर बोटे एकमेकांवर चढतात व धातूची कड करंगळीत रुतते. तीन बोटांचा घ्यावा की चार बोटांचा, ह्यावर धनुर्धरांत मोठा वाद आहे. आमच्या पाहण्यात असे आले की ज्याची करंगळी आखूड, त्याला चौथे बोट नुसते ओझे होते. तीन बोटांत मूठ सैल राहत असेल तर तीनच पुरेत.

आता अंगठा. खटक्याची खुंटी अंगठ्याच्या टोकाखाली नव्हे, तर अंगठा व तर्जनी ह्यांच्या बेचक्याजवळ, अंगठ्याच्या मुळाशी आली पाहिजे. चांगल्या रिलीजरमध्ये ही खुंटी मागेपुढे सरकविता येते. ज्यांत येत नाही तो आखूड अंगठ्याच्या मुलासाठी निरुपयोगी समजावा, मग त्याची किंमत कितीही असो. ओढताना अंगठा खुंटीच्या मागे, तिला न शिवता ठेवावयाचा आणि नेम स्थिरावल्यावरच तिच्यावर आणावयाचा. ही सवय दोरीच्या कड्यावर शंभरदा झाल्याशिवाय धनुष्य हातात देऊ नये. बिजागरीच्या रिलीजरमध्ये हेच काम तर्जनी करते. ओढताना भार तिच्यावर ठेवला म्हणजे तो अवेळी फिरत नाही.

खटका किती हलका ठेवावा, ह्याविषयी मुलांत एक गैरसमज आहे. जितका हलका तितका उत्तम, असे त्यांस वाटते. उलट, स्पर्श होताच सुटणाऱ्या खटक्याला मूल भिऊ लागते, बोट त्यावर ठेवण्यासच धजत नाही. आणि सोनेरी वर्तुळ दिसले की घाईने दाबून मोकळे होते. ह्या भीतीने भलेभले धनुर्धर घायाळ झाले आहेत. बोट निश्चिंतपणे टेकवता येईल इतका खटका जड असावा. त्याचे स्क्रू आठवड्यातून एकदा तपासावे, कारण ते आपोआप ढिले होतात. पितळेचा रिलीजर वजनदार म्हणून हातात स्थिर वाटतो, ॲल्युमिनियमचा हलका. लहान हाताला हलकाच बरा. जानेवारीच्या पहाटे दोन्ही सारखेच गोठतात. आमची मुले तेव्हा रिलीजर कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. डावखुऱ्या मुलाने आणखी एक चौकशी करावी. काही रिलीजर उलटून वापरता येतात, काही येत नाहीत.

रिलीजर बदलला की बाकीचेही थोडे बदलते. पट्ट्यावरून मुठीच्या रिलीजरवर गेले की हात जबड्यावर टेकण्याची जागा सरकते; ओढीची लांबी, डी-लूपची लांबी आणि दोरीतली नेमाची भोकाची खूण पुन्हा जुळवावी लागते. म्हणून स्पर्धेच्या तोंडावर नवा रिलीजर कधीही घेऊ नये. नियमही थोडक्यात सांगतो: जागतिक स्पर्धांत रिलीजर फक्त कंपाउंड गटात चालतो, रिकर्व्ह गटात बोटांनीच सोडावे लागते. तो धनुष्याला जोडलेला नसावा व त्यात विजेची कसलीही योजना नसावी.

एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कंपाउंडचे लक्ष्य ५० मीटरांवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. सामन्यात पंधरा बाण. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळे ह्यांनी पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात मारून १५० विरुद्ध १४९ असा अंतिम सामना जिंकला. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामी ह्यांनी, वय वर्षे सतरा असताना, १४९ विरुद्ध १४७ ने जगज्जेतेपद मिळविले. दोघांचाही सराव साताऱ्यात, उसाच्या शेतांमध्ये असलेल्या एका प्रबोधिनीत प्रवीण सावंत ह्यांच्या हाताखाली झाला होता. त्याच वर्षी हांगझाऊच्या आशियाई खेळांत ओजसनी तीन सुवर्णपदके आणली, आणि पुरुषांच्या सांघिक सुवर्णात बुलढाण्याचे प्रथमेश जावकर त्यांच्या बरोबर होते. जेथे एका गुणाने जगज्जेता ठरतो, तेथे करंगळीत रुतणारी धातूची कड लहान गोष्ट म्हणता येत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच घेण्याचे ठरले आहे. तेव्हा ही पेटी घेऊन निघणारी मुले पुढे वाढतीलच.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. मुलांना शिकविण्यास येणाऱ्या शिक्षकांनी तिचा मोठा रिलीजर काढून घेतला. प्रथम पंधरा दिवस केवळ दोरीचे कडे. मग मनगटाचा पट्टा, दांडी तिच्या बोटाप्रमाणे आखूड केलेली, आणि समोर चार पावलांवर लक्ष्याचे कागदी वर्तुळ न लावलेली नुसती गवताची भिंत. तेथे ती मुद्दाम डोळे मिटून बाण सोडी. ज्या डोळे मिटण्याची आम्हांस चिंता वाटत होती, त्याचाच शिक्षकांनी उपयोग केला. दिसत नाही तेव्हा भीती वाटत नाही, फक्त हात काय करतो ते कळते. तीन महिन्यांनी तिला लहान मापाचा, तीन बोटांचा, खुंटी सरकणारा रिलीजर दिला. त्याचे पैसे न्यासाने दिले, परंतु निवड तिने केली: शिक्षकांनी आणलेले चार नमुने एकेक करून दोरीच्या कड्यावर ओढून. तिने पसंत केला तो चारांत सर्वांत स्वस्त निघाला. गेल्या दसऱ्याला मांढरे की माताच्या शमीपूजनाहून परतल्यावर घरोघरी शस्त्रपूजा झाली, तेव्हा तिच्या आईने पाटावर धनुष्याबरोबर तो रिलीजरही ठेवला होता, झेंडूचे एक फूल वाहून.

तेव्हापासून न्यासाच्या साहाय्याचा नियम बदलला आहे. साहित्याच्या अर्जाबरोबर मुलाने स्वतः यावयाचे. कार्यालयात दोरीची कडी आणि तीन मापांचे नमुने ठेवले आहेत, आणि माप पाहिल्याखेरीज खरेदीच्या कागदावर सही होत नाही. पूर्वीच्या त्या तीन मोठ्या रिलीजरांपैकी एक आता बारावीतल्या एका उंच मुलाच्या हाताला चपखल बसला आहे. दोन कपाटात आहेत. ज्यांच्या घरी मोठ्या हाताचा धनुर्धर असेल त्यांनी रविवारी सकाळी त्याला घेऊन यावे.