चार बोटं खाली कोरडंच होतं

आमचं रान औसा तालुक्यात, साडेतीन एकर. दोन एकर काळं, बाकी मुरमाड. विहीर उन्हाळ्यात तळ गाठते, म्हणजे पेरणी पावसाच्याच भरवशावर. चार वर्षांपूर्वी मृग लागून पाच-सहा दिवस झाले असतील, संध्याकाळी तासभर पाऊस कोसळला. ओढ्याला गढूळ पाणी आलं. रात्री फोन उघडला, तर पुढचे पाचही दिवस ढग आणि थेंबांची चित्रं, खाली ८० टक्के, ७० टक्के.

अण्णा म्हणाले, "थांब की जरा. ओलीला ओल मिळाली नाही अजून."

मी म्हणालो, "अण्णा, फोनवर पाच दिवस पाऊस आहे. ट्रॅक्टर आज मिळतोय, परवा मिळायचा नाही."

तिसऱ्या दिवशी वरवर वाफसा आला आणि मी सोयाबीन पेरलं. पाऊस पडलाही, पण तालुक्याच्या गावाला. आमच्या शिवारावर नुसते ढग येऊन गेले. मग पंधरा दिवस कडक ऊन. माती उकरून पाहिली तेव्हा बी फुगून, मोड येऊन तिथंच करपलेलं. वरची माती ओली होती तेव्हा चार बोटं खाली ती कोरडीच होती, आणि मी एकदाही बोट खुपसून पाहिलं नव्हतं. बॅगा, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं मातीत गेलं. दुबार पेरणी झाली ती मुलीच्या बारावीच्या क्लाससाठी ठेवलेल्या पैशांतून. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, हे मला अजून लागतं.

फोन खोटं बोलला असं मी बरेच दिवस म्हणत होतो. खरं तर मला तो वाचता येत नव्हता. ८० टक्के म्हणजे भरपूर पाऊस, असं मी धरून चाललो होतो. तो आकडा फक्त शक्यता सांगतो. अशीच हवा दहा वेळा आली तर आठ वेळा पाऊस येईल, एवढंच. मग तो कपडे ओले होण्याएवढा पडला तरी आकडा खराच ठरतो. म्हणून टक्के सोडा, मिलिमीटर बघा. दुसरं, माझ्या फोनवर गाव लावलेलं होतं ते तालुक्याचं, रानापासून अठरा किलोमीटरवरचं. हवामानाचं गणित आभाळाचे चौकोन पाडून केलं जातं. बारा किलोमीटरचा चौकोन धरला, तर त्यात १४४ चौरस किलोमीटर येतात. जूनमधला गडगडाटी पाऊस एका बांधावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही. एवढ्या मोठ्या चौकोनाला माझं साडेतीन एकर कसं दिसणार?

आता मी 'मेघदूत' बघतो. २०१९ साली आलेलं हे सरकारी अ‍ॅप मराठीत आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला त्यात मिळतो. आमच्या भागासाठी तो परभणीच्या कृषी विद्यापीठातून येतो. पेरणीच्या दिवसांत त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज. पुढच्या आठवड्यांत पाऊस सरासरीपेक्षा कमी की जास्त, याची दिशा त्यात कळते. पेरणी आजच्या पावसानं साधत नाही, पुढच्या पंधरवड्यानं साधते. मी नेमकं तेच पाहिलं नव्हतं.

आणि बांधावर एक डबा ठेवा. सपाट बुडाचा, सरळ कडांचा कुठलाही चालतो. झाडापासून, छपरापासून लांब ठेवायचा. रोज सकाळी पट्टी लावून पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. एक सेंटीमीटर म्हणजे १० मिलिमीटर. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो, तो हिशेब तुमच्याच रानाचा हवा. मी पेरलं तेव्हा डबा असता तर किती भरला असता कोण जाणे, पण शंभराच्या जवळपास नक्कीच नाही.

फवारणीला किंवा काढलेल्या सोयाबीनची गंजी झाकायला मात्र एक-दोन दिवसांचा अंदाज बराच कामाला येतो, तिथं फोनचं ऐका. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' अ‍ॅप घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर असू द्या, गुरं राखणाऱ्याच्या तर आधी.

ज्यांनी पेरलंय आणि पाऊस ओढ देतोय, त्यांनी लगेच रान मोडू नये. दहा ठिकाणी माती अलगद उकरून बघा, मोड जिवंत आहे का, बी अजून कोरडं घट्ट आहे का. उगवून आलं असेल तर हलकी कोळपणी द्या, म्हणजे भेगा बुजतात आणि आहे ती ओल टिकते. मी चार ठिकाणीच उकरलं आणि सगळ्या रानावर पाळी घातली. बांधाकडेची चार तासं तेवढी ट्रॅक्टरला वळता आलं नाही म्हणून राहिली होती. आर्द्रात पाऊस झाला आणि आठवड्यात ती हिरवी झाली.