चित्रपट-साधनांचा भाडेव्यवहार : स्पर्धा आणि कराराची भाषा

व्यावसायिक मराठीत पत्र, जाहिरात आणि इतिवृत्त यांच्याइतकेच महत्त्व करारनाम्याला आहे. पत्रातील शब्द चुकला तर गैरसमज होतो. करारातील शब्द नजरेतून सुटला तर धंदाच बांधला जातो. या घटकात चित्रपटाची साधने भाड्याने देण्याघेण्याच्या व्यवसायाच्या आधारे हा मुद्दा आपण अभ्यासणार आहोत. कॅमेरा, लेन्स, दिवे, ध्वनिमुद्रणाची उपकरणे, चित्रपटगृहातील प्रोजेक्टर आणि सर्व्हर ही सारी साधने येथे अभिप्रेत आहेत.

हा व्यवसाय मुंबईपुरताच आहे, असे समजू नका. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद या गावी एखाद्या पदवीधराने एक कॅमेरा, दोन लेन्स आणि एक ड्रोन घेऊन लग्नाच्या चित्रीकरणाचा व्यवसाय मांडला आहे, अशी कल्पना करा. सोयाबीन घरात आले, तुळशीचे लग्न लागले, की त्याच्याकडे तारखांची विचारणा सुरू होते. एका चांगल्या मुहूर्तावर चार लग्ने असतात आणि त्याच्याजवळ संच एकच असतो. मग दुसरा कॅमेरा, जिब, एलईडी पडदा ही साधने वाशीम किंवा अकोल्याहून भाड्याने आणावी लागतात. दुकानदार छापील कागद पुढे करतो आणि हा घाईत सही करतो. त्या कागदावर काय लिहिलेले असते आणि काय लिहिलेले नसावे, हा आपला विषय आहे.

आपल्याकडे चित्रपटाचा आरंभ भाड्याच्या साधनांनी झाला नाही. दादासाहेब फाळके यांनी विमा-पॉलिसी गहाण ठेवून पैसा उभा केला, 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि तेथून विलियमसन कॅमेरा विकत घेऊन आले. कोल्हापुरात 1929 मध्ये स्थापन झालेली आणि पुढे पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी साधने, कलावंत आणि तंत्रज्ञ एकाच छताखाली बाळगून होती. ही स्टुडिओ-पद्धती मोडकळीस आली आणि स्वतंत्र निर्माते पुढे आले, तेव्हा चित्र बदलले. एका चित्रपटासाठी कॅमेरा विकत घेणे स्वतंत्र निर्मात्याला परवडणारे नव्हते. साधने बाळगणारा निराळा आणि चित्रपट काढणारा निराळा, अशी विभागणी झाली, आणि त्या दोघांमध्ये करार आला.

परदेशात या विभागणीचे टोक अमेरिकेच्या पॅनाव्हिजन कंपनीने गाठले. आपले चित्रपट-कॅमेरे आणि लेन्स विकायचेच नाहीत, केवळ भाड्याने द्यायचे, हे तिचे धोरण. उलट 2007 मध्ये बाजारात आलेला ‘रेड वन’ हा डिजिटल कॅमेरा कोणालाही विकत घेता येत होता. अशा कॅमेऱ्यांमुळे छायाचित्रकार स्वतःच साधनांचा मालक होऊ लागला आणि मोठ्या भाडेदुकानांना लहान स्पर्धक मिळाले. रिठदचा आपला कल्पित तरुण याच बदलाचे दूरचे अपत्य आहे.

भाड्याच्या दरातील स्पर्धा सर्वांना दिसते. एकाने दिवसाचा दर उतरवला, तर दुसरा त्याच दरात दिव्यांचा एखादा संच जोडून देतो. तिसरा यंत्राबरोबर अटेंडंट पाठवतो. यात गैर काही नाही. पण या व्यवसायाची एक अंतर्गत रीत ध्यानात घ्या. हंगामात एका दुकानात लेन्स कमी पडली, की ती स्पर्धकाच्याच दुकानातून आणली जाते. म्हणजे स्पर्धक हा पुरवठादारही असतो. रोजचा फोन, रोजची उसनवार. अशा व्यवसायात ‘यंदा अमुक दराखाली कोणी जायचे नाही’ असे ठरणे फार सोपे असते. गावपातळीवर त्याला एकी म्हणतात, प्रसंगी संघटनेच्या बैठकीत टाळ्याही मिळतात. परंतु स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 नुसार परस्परांच्या स्पर्धकांनी मिळून दर ठरवणे हे स्पर्धेला बाधक मानले जाते, आणि ‘आमची संघटना आहे, कंपनी नाही’ हा बचाव पुरेसा ठरत नाही. कामगाराने मजुरीसाठी एकत्र येणे आणि दुकानदारांनी दरासाठी एकत्र येणे, या दोन गोष्टी कायद्याच्या लेखी एक नाहीत.

दराहून अधिक गंभीर प्रश्न अटींचा आहे. त्यासाठी चित्रपटगृहाकडे वळू.

फिल्मच्या काळात 35 मिलिमीटर हे माप जगभर समान होते. तालुक्याच्या थिएटरमधला प्रोजेक्टर मालकाचा स्वतःचा असे, आणि कोणत्याही वितरकाची प्रिंट त्यावर चाले. कोणाचा चित्रपट लावायचा हे यंत्र ठरवत नव्हते. 2005 नंतर भारतात उपग्रहाद्वारे व हार्ड डिस्कद्वारे चित्रपट पाठवण्याची डिजिटल पद्धत पसरली. नवा प्रोजेक्टर आणि सर्व्हर लहान थिएटरमालकाला झेपणारा नव्हता. तेव्हा डिजिटल सेवा देणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने यंत्रे बसवली, ती मालकाला भाडेकराराने दिली आणि चित्रपट दाखवण्यासाठी निर्मात्याकडून शुल्क घेतले. हे शुल्क ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ या नावाने ओळखले जाते. प्रिंटचा खर्च वाचला आणि आडगावातही चित्रपट पहिल्याच दिवशी पोहोचू लागला. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याची किंमत कोणी आणि किती काळ मोजायची, यावरून वाद पेटले. मार्च 2018 मध्ये दक्षिण भारतातील निर्मात्यांनी या शुल्काच्या विरोधात नवे चित्रपट प्रदर्शित करणेच थांबवले होते.

दुसरा वाद शुल्काचा नव्हता, अटीचा होता. डिजिटल चित्रपट कूटबद्ध केलेला असतो आणि किल्ली असल्याखेरीज तो उघडत नाही. थिएटरला पाठवण्यापूर्वी त्यावर काही प्रक्रिया करावी लागते. ही प्रक्रिया करून देणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यात अनेक जण उतरू शकतात. पण यंत्र ज्याच्या मालकीचे, त्यानेच प्रक्रिया केलेला चित्रपट त्या यंत्रावर चालेल, अशी अट भाडेकरारात असेल, तर इतरांनी कितीही स्वस्त आणि चांगले काम केले तरी त्यांच्यासाठी ते पडदे बंदच राहतात. अशा अटींची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली. आयोगाने 16 एप्रिल 2025 च्या आदेशात यूएफओ मूव्हीज व तिची उपकंपनी स्क्रॅबल डिजिटल यांना मिळून 104.03 लाख रुपये आणि क्यूब सिनेमा टेक्नॉलॉजीज या कंपनीला 165.8 लाख रुपये दंड ठोठावला. आपल्याखेरीज इतरांकडून चित्रपट घेण्यास थिएटरमालकांना मनाई करणारे करार यापुढे करू नयेत आणि चालू करारांतही तसा बदल करावा, असे निर्देश दिले. आयोगाच्या आदेशांवर राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणात दाद मागता येते, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

येथे दंडाच्या रकमेपेक्षा विचाराची दिशा महत्त्वाची आहे. थिएटरमालकाने सही स्वखुशीने केली होती, असे कोणी म्हणेल. परंतु कलम 3 मधील उभ्या करारांचा विचार करताना केवळ सही करणाऱ्या दोघांकडे पाहून भागत नाही. जो त्या कागदावर कोठेच नाही, त्या तिसऱ्याचा बाजार बंद होतो का, हे पाहावे लागते. ‘उभा करार’ म्हणजे पुरवठ्याच्या साखळीतील वेगवेगळ्या पायऱ्यांवरील व्यक्तींचा करार. दुकानदारांनी आपसात दर ठरवणे हा ‘आडवा करार’ होय. ही दोन विशेषणे मराठीत फार नेमकी बसतात. परीक्षेत त्यांचाच वापर करावा.

आता भाषेकडे येऊ. पुढील कलम अभ्यासासाठी रचलेले आहे : ‘भाडेकरू सदर यंत्रावर केवळ मालकाने पुरविलेला वा मालकामार्फत प्रक्रिया केलेला आशय दाखवील, अन्य कोणत्याही स्रोताकडून आशय स्वीकारणार नाही.’ वाक्य सरळ, व्याकरण निर्दोष. सारा भार ‘केवळ’ आणि ‘अन्य कोणत्याही’ या शब्दांवर आहे. या कलमाशेजारी दुसरे ठेवा : ‘यंत्रास हानी पोहोचेल किंवा चित्रपटाची बेकायदा नक्कल होईल असा वापर भाडेकरू करणार नाही.’ दुसऱ्या कलमातही मनाईच आहे, पण ती यंत्राचे आणि चित्रपटाचे रक्षण करते. पहिल्यातील मनाई मालकाच्या दुसऱ्या धंद्याचे रक्षण करते. मालकाने भांडवल गुंतवले आहे, ते वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी भाडे, अनामत आणि मुदत ही साधने कराराने दिलेली असतातच.

‘भाडे घेणारा’ हा शब्दप्रयोग मात्र करारात टाळावा. भाडे वसूल करणारा आणि वस्तू भाड्याने नेणारा असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. ‘मालक’ आणि ‘भाडेकरू’ हे शब्द आरंभी निश्चित करून पुढे तेच वापरावेत. ‘नुकसान झाल्यास भरपाई द्यावी लागेल’ हेही अपुरे वाक्य आहे : कोणी, किती, आणि नव्या यंत्राच्या किमतीने की वापरलेल्या?

स्वाध्याय : रिठदच्या आपल्या तरुणापुढे अकोल्याच्या दुकानाने ठेवलेल्या छापील कागदात पुढील ओळ आहे, असे समजा. ‘जिब नेणाऱ्याने त्या समारंभाचे एडिटिंग व अल्बम आमच्याकडूनच करून घ्यावे.’ ही अट उभ्या कराराची की आडव्या, ते सांगा. तिच्यामुळे कोणकोणाचे काम बुडते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा. नंतर यंत्राची सुरक्षितता आणि भाड्याची हमी कायम राखून हीच ओळ अशी लिहा, की तरुणाला अल्बम हवा तेथे करून घेता येईल.