विकीच्या पानावर मजकुराची मांडणी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आपल्यापैकी पुष्कळजण तो परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतात. परंतु पानावरचा 'संपादन' हा शब्द आपल्यासाठीही आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. छापील शब्द मोठ्या माणसांचा, त्याला आपण हात लावू नये, असा धाक माझ्यासारख्यांच्या मनात असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, 'मोट' या विषयावर लिहायचे आहे. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत. पण नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द त्यांच्या जिभेवर आहेत. (त्यांना छापील पुस्तकाचा आधार द्यावा लागतो, तो विषय वेगळा.) हे सारे एका दमात लिहिले, तर वाचणाऱ्याला धाव कुठे नि थारोळे कुठे, काहीच सापडायचे नाही.

मथळ्याच्या दोन्ही टोकांना बरोबरची दोन-दोन चिन्हे द्यावीत : ==मोटेचे भाग==. उपमथळ्यास तीन-तीन. काहीजण मथळा नुसता ठळक करतात. डोळ्यांना तो मथळा वाटतो, पण अनुक्रमणिकेत येत नाही. शिवाय यंत्राकडून पान वाचून घेणारा अंध विद्यार्थी मथळ्यांवरूनच वाट काढतो; त्याची वाट बंद होते.

ठळक शब्दाला दोन्हीकडे तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे लागतात : '''नाडा'''. दोन-दोन दिल्यास अक्षर तिरपे होते. दुहेरी चिन्ह एकदा दाबले म्हणजे दोन एकेरी झाली, असे मात्र नव्हे. इन्स्क्रिप्टने टंकणाऱ्यास त्या कळीवर 'ट' मिळतो. त्याने तेवढ्यापुरता इंग्रजी कळफलक घ्यावा. तिरपी देवनागरी मला तरी कलंडल्यासारखी वाटते; मी ती टाळतो.

परिच्छेदासाठी मध्ये एक ओळ कोरी सोडावी. एकदाच एंटर दाबल्यास ओळी एकमेकींना चिकटतात. वहीत आपण परिच्छेद थोडा आत सुरू करतो. येथे ओळीच्या आरंभी जागा सोडली की मजकूर थेट चौकटीत जाऊन बसतो!

खरी गंमत दुव्यांची. [[विहीर]] असे लिहिले की त्या पानाकडे वाट तयार होते. पण मराठीत शब्द मूळ रूपात राहतो कुठे? 'विहिरीवर' म्हटले की 'विहीर'मधली दीर्घ 'ही' ऱ्हस्व होते, आणि [[विहिरीवर]] या नावाचे पान कोण कशाला लिहील? तेव्हा मूळ शब्द आधी, मग उभी रेघ, मग वाक्यातले रूप : [[विहीर|विहिरीवर]]. व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणे वाटलेले सामान्यरूप येथे असे उपयोगी पडते. पान अस्तित्वात नसेल तर दुवा लाल दिसतो. तो तसाच राहू द्यावा, पुढे कोणीतरी ते पान लिहील.

सरावासाठी विकिपीडियावर वेगळी जागा आहे. तिचे नाव धूळपाटी. जुन्या शाळांत मुले जिच्यावर अक्षरे गिरवीत, तीच. तेथे हवे ते लिहून पुसावे. खऱ्या पानावर लिहिताना प्रकाशित करण्यापूर्वी झलक पाहावी. एवढे करूनही काही बिघडले, तर पानाच्या इतिहासात आधीची आवृत्ती जशीच्या तशी असते आणि ती परत आणता येते.