रमाबाईंचे मुक्तिसदन

इ. स. १८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता पंडिता रमाबाईंच्या कानी आली. तरुणपणी अशाच दुष्काळात त्यांचे आईबाप अन्नावाचून गेले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना पोथीतून शिकावयाचे नव्हते! १८८३ साली ख्रिस्ती झालेल्या या विदुषीला केवळ प्रार्थना करून स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. पांढरे, साधे लुगडे नेसून रमाबाई त्यांच्यातच राहत. मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. आंधळ्या मुलीदेखील बोटांनी वाचू लागल्या. त्यांना ब्रेल लिपी शिकविली रमाबाईंच्या लेकीने, मनोरमाबाईंनी.