पहाऱ्यावर पहारा

हिरवा दिवा दिसला की आपण पुढे जातो. डावीउजवीकडची वाहने थांबलेली असणारच, अशी आपली खात्री असते. पण त्याच क्षणी त्या बाजूलाही हिरवा दिवा लागला तर? अशा वेळी दोन्ही वाहनचालक नियम पाळत असतात आणि तरीही एकमेकांवर आदळतात. दिवा विझला तर माणूस सावध होतो; दिवा खोटे बोलला तर सावध होण्याचे कारणच त्याला उरत नाही. हा धोका कसा टाळला जातो, ते या पाठात आपण पाहणार आहोत.

रेल्वे अभियंता जॉन पीक नाइट यांच्या कल्पनेतून डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या संसदभवनाजवळ गॅसवर जळणारा सिग्नल उभा राहिला. तो हाताने चालवणारा पोलीस शिपाई शेजारीच उभा असे. जानेवारी १८६९ मध्ये त्याचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला. पुढे विजेचे दिवे आले, मग ते आपोआप बदलू लागले. शिपायाचा जीव धोक्यातून सुटला हे खरे. परंतु बिघाड ओळखणारा त्याचा डोळाही चौकातून नाहीसा झाला.

आता चौकाच्या कडेला एक पेटी असते. तिच्यातील नियंत्रक, म्हणजे एक लहानसा संगणक, कोणता दिवा किती वेळ लावायचा हे ठरवतो. त्याच्या आदेशानुसार इलेक्ट्रॉनिक स्विच दिव्यांना वीज पुरवतात. या वाटेवर बिघाड कोठेही होऊ शकतो. एखादा स्विच बंदच होत नाही, तारांच्या जोडात पावसाचे पाणी शिरते, कधी संगणकच अडकून बसतो. नियंत्रकाच्या हिशेबी लाल दिवा लागलेला असतो आणि रस्त्यावर मात्र हिरवा दिसतो.

यावर अमेरिकेत एक स्वतंत्र यंत्र त्याच पेटीत बसवतात. त्याला कॉन्फ्लिक्ट मॉनिटर, म्हणजे विरोध-निरीक्षक, म्हणतात. हा निरीक्षक नियंत्रकाच्या शब्दावर विसंबत नाही. दिव्यांकडे जाणाऱ्या तारांवरील विद्युतदाब तो स्वतः मोजतो. एकमेकांना विरोधी असे दोन हिरवे दिवे ०.४५ सेकंद एकत्र राहिले, की तो नियंत्रकाच्या हातून दिवे काढून घेतो आणि चौकातील दिवे लुकलुकू लागतात. ०.२ सेकंदांहून कमी काळच्या चमकेकडे तो दुर्लक्ष करतो. नाहीतर क्षुल्लक कारणाने चौक वारंवार बंद पडेल. हा बिघाड एकदा नोंदला गेला, की तंत्रज्ञ येऊन पूर्ववत करीपर्यंत दिवे लुकलुकतच राहतात.

त्याचा संशयी स्वभाव पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत दिव्यांना सुमारे १२० व्होल्टची वीज मिळते. हिरव्या दिव्याच्या तारेवर २५ व्होल्टहून अधिक दाब दिसला, तरी तो दिवा लागला असे निरीक्षक धरतो. लाल दिव्याला मात्र ७० व्होल्टहून अधिक दाब असेल, तेव्हाच तो लागल्याची खात्री त्याला पटते. (भारतात पुरवठा २३० व्होल्टचा असल्याने हे आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.)

विचार करा : हिरव्याला एक माप आणि लाल दिव्याला दुसरे, असे का केले असेल?

दोन दिशा परस्परविरोधी आहेत हे निरीक्षकाला कसे कळते? त्याच्यात एक कार्ड असते. मुळात सर्व दिशा एकमेकींच्या वैरी, असेच ते कार्ड मानते. ज्या दोन दिशांची वाहने एकाच वेळी निर्धोकपणे जाऊ शकतात, त्यांच्यासाठी कार्डावर तारेचा छोटा तुकडा जोडावा लागतो. तुकडा जोडायचा राहिला, तर चौक विनाकारण बंद पडेल. चुकीच्या जागी जोडला, तर विरोधी हिरवे दिवे लागूनही निरीक्षक स्वस्थ बसेल.

म्हणून या पहारेकऱ्याचीही ठरावीक काळाने परीक्षा घ्यावी लागते. सोळा मार्गिकांच्या निरीक्षकात दोन-दोनच्या १२० जोड्या होतात. प्रत्येक जोडीत हिरवा-हिरवा, हिरवा-पिवळा, पिवळा-पिवळा असे प्रकार तपासायचे, त्यात दाब हळूहळू वाढवून पाहायचा आणि वेळही मोजायची. हाताने करणाऱ्याचे लक्ष कोठेतरी विचलित होणारच. कार्यशाळेतील स्वयंचलित चाचणी-यंत्र खोटे बिघाड स्वतः निर्माण करते, निरीक्षक किती वेळात जागा झाला ते नोंदवते आणि अहवाल छापून देते.

मात्र या यंत्राला चौक ठाऊक नसतो. कोणत्या जोड्यांना कार्डाने परवानगी दिली आहे, एवढेच ते सांगते. शेजारच्या चौकाचे कार्ड चुकून या पेटीत बसले असेल, तर निरीक्षक चाचणीत निर्दोष ठरेल. यासाठी तंत्रज्ञ अहवाल आणि चौकाचा नकाशा शेजारी-शेजारी ठेवतो आणि परवानगीची प्रत्येक जोडी बोटाने ताडून पाहतो.

पाठगत प्रश्न
१. विरोध-निरीक्षक नियंत्रकाचा आदेश न पाहता तारांवरील दाब का मोजतो?
२. बारा मार्गिकांच्या निरीक्षकात किती जोड्या तपासाव्या लागतील?