वर्ड्स्वर्थच्या गावी बिऱ्हाड

गेल्या सत्रात आमच्या इंग्रजीच्या सरांनी ट्युटोरियलसाठी एक वेगळाच विषय दिला. वर्ड्स्वर्थच्या चरित्रावर नेहमीप्रमाणे टिपण लिहून आणायचे नव्हते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरोवरांच्या मुलुखात, त्याचे ‘डव्ह कॉटेज’ हे घर आजही जतन केलेले आहे. त्या घराजवळ आठ दिवस राहायचे, हॉटेलात न उतरता स्वतः रांधून खायचे, आणि अशी जागा कोणत्या कसोट्यांवर निवडाल ते कारणांसह लिहायचे, असा तो विषय होता. वर्गात हशा पिकला. पासपोर्ट एकाकडेही नव्हता. सर म्हणाले, “जायचे नाही, ठरवायचे आहे. ठरवताना जे वाचाल, तोच अभ्यास.”

मला मात्र हसू आले नाही. वर्षभरापूर्वीच मी आणि आई या शहरात माझ्यासाठी खोली शोधत हिंडलो होतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या घरी मालकीणबाई म्हणाल्या, “राहा, पण स्वयंपाक चालणार नाही. खानावळ लावा.” खानावळीचा हिशेब केला, तर वर्षाच्या फीपेक्षा तो जड होता. तेव्हा राहण्याची जागा आणि रांधण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकात वाचण्याआधीच शिकले. आपल्या मराठीत यासाठी चांगला शब्द आहे : बिऱ्हाड. जिथे आपली चूल पेटते ते बिऱ्हाड. सरांनी दिलेला विषय म्हणजे वर्ड्स्वर्थच्या गावी बिऱ्हाड थाटण्याचाच होता.

आणि गंमत अशी, की वर्ड्स्वर्थ स्वतः जन्मभर बिऱ्हाडकरूच होता. १७९९ च्या २० डिसेंबरला तो आणि त्याची बहीण डॉरोथी ग्रासमिअर गावालगतच्या टाउन एंड या वस्तीत भाड्याच्या घरात राहायला आले. ते घर पूर्वी प्रवाशांची खाणावळवजा सराई होते. ‘डव्ह कॉटेज’ हे नाव तर त्याला वर्ड्स्वर्थच्या काळानंतर मिळाले. पुढची पन्नास वर्षे तो याच परिसरात एकामागून एक चार घरांत राहिला आणि चारही घरे भाड्याची होती. माझ्या मते जागा कशी निवडावी हे शिकायचे असेल, तर ही चार घरे हाच उत्तम पाठ आहे.

पहिले घर डव्ह कॉटेज. येथे १७९९ ते १८०८ या काळात त्याच्या उत्तम कवितांपैकी पुष्कळ लिहिल्या गेल्या, हे आपण परीक्षेत लिहितोच. पण डॉरोथीची १८०० ते १८०३ मधील रोजनिशी वाचली, की त्या घराचे दुसरे रूप दिसते. पाव भाजणे, वाटाणे लावणे, कपड्यांना इस्त्री करणे, दारी आलेल्या गरिबाला काही देणे आणि भावाच्या कविता उतरवून काढणे, सारे एकाच पानावर शेजारी शेजारी येते. घराच्या कोठीखालून झरा वाहतो. त्याच्या गारव्याने अन्न टिकत असे. वरच्या मजल्यावर एक लहान थंड खोली आहे. ऊब राहावी म्हणून डॉरोथीने तिच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवली होती. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले. आमच्या घरच्या कुडाच्या भिंतींनाही वर्तमानपत्रेच लावली होती आणि माझी पहिली अक्षरओळख त्या भिंतीवरच झाली. १८०२ मध्ये वर्ड्स्वर्थचे लग्न झाले, पुढे तीन मुले झाली आणि ते घर पुरेना. पहिला धडा हा, की घर सुंदर आहे एवढे पाहून भागत नाही. माणसे किती, हे आधी मोजावे.

दुसरे घर अ‍ॅलन बँक. हे मोठे घर बांधले जात असताना गावाची शोभा बिघडवते म्हणून वर्ड्स्वर्थने त्याला नावे ठेवली होती. १८०८ मध्ये तेथेच भाड्याने राहण्याची वेळ आली! जागा ऐसपैस होती, पण धुराडी नीट ओढत नसत. खोल्यांत इतका धूर कोंडे, की डॉरोथीच्या पत्रांतून त्याची तक्रार पुन्हा पुन्हा येते. दुसरा धडा चुलीचा.

तिसरे घर चर्चसमोरचे, धर्मगुरूंसाठी असलेले. येथे हे कुटुंब १८११ ते १८१३ राहिले. घर ओलसर होते. १८१२ या एकाच वर्षात कॅथरिन आणि थॉमस ही दोन मुले गेली. थॉमस गोवराच्या आजारात गेला. तेव्हा घराच्या ओलीला थेट दोष देता येणार नाही, पण दाराबाहेर पाऊल टाकताच समोर मुलांच्या कबरी, अशा घरात आईबापांना राहवेना. १८१३ मध्ये ते सुमारे तीन कि. मी. वरील रायडल माउंट या चौथ्या घरी गेले. १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत वर्ड्स्वर्थ तेथेच राहिला. १८४३ पासून तो राजकवी होता, तरी घर भाड्याचेच होते.

हे लिहिताना मला आमची खोलीशोधाची वणवण आठवत होती. आईला लिहितावाचता येत नाही. पण प्रत्येक खोलीत शिरताच ती आधी भिंतीला तळहात लावी. एका ठिकाणी म्हणाली, “भिंत घाम धरतीया. पावसाळ्यात पोरी खोकतील.” दुसऱ्या ठिकाणी विचारले, “फोडणीचा धूर जायला वाट कुठं हाय?” तिसऱ्या ठिकाणी नळाची वेळ विचारली आणि आम्ही दोघी मैत्रिणी पाय पसरून मावतो का, ते पाहिले. चौथी खोली घेतली. इंग्लंडच्या राजकविला जे तीन घरे बदलून कळले, ते माझ्या आईला ठाऊक होते. वर्ड्स्वर्थला कमी लेखावे म्हणून मी हे लिहीत नाही. घराविषयीचे ज्ञान ग्रंथांत असते तसे ते तळहातातही असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला प्रश्न गावाचा. टाउन एंडला राहिले तर डव्ह कॉटेज दारात येते, पण पूर्वी तेथून दिसणारे सरोवर पुढे समोर झालेल्या घरांनी झाकले गेले आहे आणि मोठा रस्ताही जवळून जातो. ग्रासमिअर गावात दुकान जवळ पडते आणि डव्ह कॉटेजही चालत थोड्याच अंतरावर आहे. ॲम्बलसाइड हे थोडे मोठे गाव सुमारे ६ कि. मी. वर आहे, तेथे दुकाने अधिक, पण रोज बसचा खर्च. रांधून खाणाऱ्याने दृश्याआधी दुकान पाहावे.

दुसरा प्रश्न वाहनाचा. ग्रासमिअरला रेल्वे नाही. रेल्वे विंडरमिअरपर्यंत जाते आणि पुढे बस. ही रेल्वे येऊ नये म्हणून १८४४ मध्ये वर्ड्स्वर्थने वर्तमानपत्रात पत्रे लिहिली होती. कारखान्यांतील मजुरांचे लोंढे येतील आणि मुलुखाची शांतता मोडेल, अशी त्याला भीती होती. तरीही १८४७ मध्ये रेल्वे आली. ज्याने हा मुलुख पाहण्याची दृष्टी असलेल्या सर्वांचाच आहे असे आपल्या मार्गदर्शिकेत सुचवले, त्यानेच मजुरांच्या गाडीला विरोध केला, हे मला खटकले. मोटार नसलेली माझ्यासारखी वाचक आज जाईल ती त्याच रेल्वेने.

तिसरा प्रश्न ऋतूचा. हा मुलुख पावसाचा आहे. त्यातील सीथवेट या ठिकाणी वर्षाला ३,००० मि. मी. हून अधिक पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत. तेथे तो बाराही महिने विखुरलेला असतो. म्हणून कपडे वाळवण्याची सोय आणि खोली गरम ठेवण्याचा खर्च भाड्यात धरला आहे का, हे आधी विचारावे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच अंधारते. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये तेथील शाळांना सुट्टी, त्यामुळे गर्दी आणि भाडे दोन्ही चढे. म्हणून मी मे महिना निवडला.

चौथा प्रश्न मी लिहिणार नव्हते, पण वाचता वाचता समोर आला. या मुलुखाला १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पाहुणे वाढले. पुष्कळ घरे पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीने दिली जातात, तर काही शहरातल्या श्रीमंतांची दुसरी घरे म्हणून वर्षातले कित्येक महिने बंद असतात. परिणामी तेथेच जन्मलेल्या, हॉटेलांत आणि शेतांवर राबणाऱ्या तरुणांना गावात घर परवडत नाही. नव्या घरांत कायम राहणारेच असावेत, अशी अट उद्यानाचे व्यवस्थापन घालते, ती याचसाठी. आपण कवीच्या घराजवळ राहावे म्हणून कवीच्या गावकऱ्याने गाव सोडावे काय? डॉरोथीच्या दारी आलेली गरीब माणसे मला येथे आठवली.

म्हणून मी अखेर स्वतंत्र बंगली निवडली नाही. यूथ हॉस्टेल पद्धतीची वसतिगृहे या मुलुखात आहेत. तेथे खाट भाड्याने मिळते आणि सामायिक स्वयंपाकघरात कुणीही आपले अन्न शिजवू शकतो. ग्रासमिअरजवळच्या अशाच वसतिगृहातील एक खाट, मे महिन्याचे आठ दिवस आणि पिशवीत तांदूळ-डाळ, अशी माझी निवड मी कारणांसह लिहून दिली.

सरांनी वहीवर शेरा लिहिला : “मार्गदर्शक म्हणून आईचे नाव घालायला हवे होते.” सुट्टीत घरी गेले तेव्हा तो शेरा आईला वाचून दाखवला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण त्या कवीच्या बहिणीला धुराचा त्रास व्हायचा, तर नंतरच्या घरात धुराडं बरं होतं का?”

मला उत्तर देता आले नाही. आता तेवढ्यासाठी डॉरोथीची पत्रे पुन्हा काढून बसले आहे.